सात की एक

मोंबासाहून आणलेली गाडी
सांकवाळला, घराच्या कुशीला, चुडतांच्या मांडवाखाली
चार वर्षं उभी होती.
नंबरपट्टी तिकडचीच,
पुढची पांढरी, मागची पिवळी.

बावीस वर्षं मी तिकडे दुसऱ्यांचे हिशेब लिहिले.
एका शिलिंगाची चूक सापडेना म्हणून
रात्र रात्र दिवा जाळला.
आणि माझ्याच गाडीच्या कागदावर
कुणी साताचा एक करून ठेवला
तो मात्र दिसला नाही.

न्हावाशेव्याच्या बिल ऑफ एंट्रीवर एक,
गाडीच्या अंगावर सात.
आरटीओतला पोरगा म्हणाला,
"काका, कागदावरची गाडी ही नव्हे."
म्हटलं, अरे, माझ्या डोळ्यांदेखत कंटेनरात चढली.
"मग कागदावरची कुठे गेली?"

मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही नाही.

मग दुरुस्तीचा अर्ज. मग मुंबईची खेप. मग गुडघा.
मग पुतणीचं लग्न. मग परत गुडघा.
दरम्यान शेजारच्या आंजेलिनबायची कोंबडी
अर्ध्या उघड्या काचेतून आत शिरली
आणि मागच्या सीटवर अंडी घालू लागली.
शशिकला म्हणाली,
चला, कुणाला तरी उपयोग झाला.

नोटीस आली ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी.
ड्युटी, तिच्यावर व्याज, वर दंड,
आणि खाली सही, जी वाचता येऊ नये अशीच केलेली.

हार्बरच्या कस्टम हाउसात
खिडकीच्या कठड्यावर कोळशाची पूड.
बोट टेकवलं की काळं.
एजंट कायतान जिन्यातच कानाला लागला,
"पात्रांव, मॅडमीक काणयो सांगूं नाकात. तारखो सांगात."

तिरोडकर मॅडमनी तारखा लिहून घेतल्या.
"गाडी रस्त्यावर काढली होती?"
एकदा. चिखलीपर्यंत. रात्री.
"कशासाठी?"
बॅटरी उतरू नये म्हणून.
(शशिकलाला वारा हवा होता.
तिनं सगळ्या काचा खाली घेतल्या होत्या
आणि चप्पल काढून पाय वर घेऊन बसली होती.)
मॅडमनी बॅटरी लिहिलं.

पाहणीला त्या स्वतः आल्या.
कोंबडीला हुसकलं नाही, तिच्या बाजूनंच वाकल्या,
चॅसीवर पातळ कागद धरून
पेन्सिल आडवी घासू लागल्या.
लहानपणी बाबांच्या पेटीतल्या एस्कुदोवर
कागद ठेवून आम्ही अशीच घासायचो,
आणि पांढऱ्यातून हळूहळू गलबत वर यायचं.
तसे आकडे आले.
सगळ्यात शेवटी तो.
"सातच आहे," त्या म्हणाल्या.

तेवढा वेळ, साधारण एक श्वासभर,
मी निर्दोष होतो.

"पण मुदत उलटली ना, वेरेकर."
आणि बेरीज पुढे सरकवली.
मी ती तीनदा तपासली, जुन्या सवयीनं,
खालून वर, वरून खाली.
एका पैशाची चूक नव्हती.
रक्कम मात्र गाडीच्या किमतीहून मोठी.

एक वाट उरते, म्हणाल्या. हक्क सोडून द्या.
छापील फॉर्म होता. पहिलाच रकाना: मालकाचे नाव.
पुंडलीक गजानन वेरेकर, मी लिहिलं,
अक्षर चांगलं काढून.
इकडच्या कुठल्याच कागदावर
याआधी ती माझी नव्हती.

किल्ल्या दोन होत्या. एक दिली.
दुसरीचं कुणी विचारलं नाही.

आता चुडतांखाली
गाडीएवढाच एक कोरडा चौकोन आहे,
तेलाचा डाग आणि थोडी पिसं.
कोंबडी सकाळी येते, भोवती फिरते,
मान वाकडी करून वर बघते,
जिथे सीट होती तेवढ्या उंचीवर.
शशिकलानं जुनी पाटी ठेवलीय, आत भाताचं तण घालून.

ती पाटीत बसत नाही.